व्हिक्टोरिया आणि देवदूत: नाव बदलले, इतकेच?

समाजमाध्यमांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन ख्रिस्ती झाला, त्याने रोमन विजयदेवता व्हिक्टोरियाच्या प्रतिमांवर बंदी घातली आणि पुढे चर्चने तिलाच देवदूत म्हणून उभे केले, असा त्याचा दावा आहे. त्यात सत्याचा एक धागा असला, तरी बाकीचे विधान पुराव्यापुढे टिकत नाही.

बंदीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. रोममधील कॉन्स्टन्टाइनच्या इ.स. ३१५ च्या विजयकमानीवर, मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना, उडत्या विजयदेवता आजही दिसतात.

रोमच्या सिनेटमधून ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने हलवलेल्या व्हिक्टोरियाच्या वेदीचा दाखला बंदीच्या बाजूने दिला जातो. पण तो वाद वेदीचा, म्हणजे पूजेचा होता. जुन्या रोमन धर्माचा सिनेटर सिमॅकस याने ३८४ मध्ये ती परत मागितली आणि मिलानचे बिशप अँब्रोज यांनी विरोध केला, तोही तिथल्या पूजेला. ज्या ग्रेशियनने वेदी काढली, त्याच्याच सोन्याच्या नाण्यांवर शेजारी बसलेल्या दोन सम्राटांमागे पंख पसरलेली व्हिक्टोरिया आहे. पूजा नाकारणे आणि प्रतिमा नाकारणे यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

राहिला देवदूत. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीतल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रात येशूची आई मरिया हिच्यापुढे उभा असलेला देवदूत बिनपंखांचा तरुण आहे. पंखधारी देवदूत चौथ्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतात. ते पंख विजयदेवतेकडून आले हे मान्य करायलाच हवे, मात्र पंख घेतले म्हणून व्यक्ती तीच ठरत नाही. सम्राट दुसरा थिओडोशियस याच्या नाण्यावर, ४२० च्या सुमारास, व्हिक्टोरिया स्वतःच लांब क्रूस धरून उभी आहे. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, सम्राट पहिला जस्टिन याच्या काळात, त्या जागी समोर तोंड केलेला पुरुष देवदूत येतो: छातीखाली पट्टा बांधलेला स्त्रीवेष जातो, अंगरख्यावर उपरण्यासारखे वस्त्र येते, कडेचा ‘सम्राटांचा विजय’ हा लेख मात्र तसाच राहतो. आणि त्यानंतरही लहान सुवर्णनाण्यांवर व्हिक्टोरिया होतीच.

लूव्र संग्रहालयातला सहाव्या शतकातला बार्बेरिनी हस्तिदंती फलक नीट पाहावा. वरच्या पट्टीत दोन देवदूत ख्रिस्ताची वर्तुळाकार प्रतिमा उचलून धरतात; मधल्या चौकटीत घोड्यावरच्या सम्राटाजवळ इवलीशी व्हिक्टोरिया हाती विजयाचे चिन्ह असलेली ताडाची झावळी घेऊन आहे; तळाशी ती पुन्हा येते, एका बाजूला रानटी मानलेले लोक आणि दुसऱ्या बाजूला हत्ती-वाघ, हस्तिदंत घेऊन निघालेले भारतीय वेषातले लोक. ते कोरणाऱ्या कारागिराला देवदूत कुठे बसवायचा आणि व्हिक्टोरिया कुठे, हे पक्के ठाऊक होते.