इंजिनिअरिंग आणि मुलींचा ‘कल’: एका संदेशाला उत्तर

एक संदेश पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याचं म्हणणं असं: ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता जास्त, तिथेच मुली इंजिनिअरिंगकडे कमी वळतात, म्हणजे हा त्यांचा स्वभाव आहे. ओढूनताणून मुली आणल्या तर दर्जा घसरतो. नेतृत्व तर शिकवून येतच नाही, ते अंगात असावं लागतं. आणि शेवटी, ‘मुलींनाच विचारा, त्यांना काय हवंय.’ हे वाचून एखादी मुलगी फॉर्म भरायचा थांबू शकते, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

समानतेचा मुद्दा स्टूट आणि गिअरी या मानसशास्त्रज्ञांच्या 2018 च्या शोधनिबंधातून आला आहे. आक्षेप आल्यावर त्याला दुरुस्ती छापावी लागली, हे संदेशात येत नाही. त्यात प्रत्येक देशातल्या मुलींसाठी दिलेले टक्के म्हणजे पदवीधरांमधला मुलींचा सरळ वाटा नव्हताच, तो वेगळ्या रीतीने काढलेला निर्देशांक होता. तरीही देशादेशांत फरक आहे, हे मी नाकारत नाही. युनेस्कोच्या 2021 च्या विज्ञान अहवालात इंजिनिअरिंग पदवीधरांमध्ये मुली जगभरात 28 टक्के, अल्जीरियात 48.5 आणि जपानात 14 टक्के आहेत. पण स्वभावच कारण असेल, तर एकाच देशात, एकाच संस्थेत, पाच वर्षांत आकडा पालटायला नको. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत मुली 1995 मध्ये 7 टक्के होत्या, 2000 मध्ये 42 टक्के. तेवढ्या काळात मुलींचा स्वभाव बदलला नव्हता, त्या देशातली समानताही घटली नव्हती. बदलली ती संस्था.

आता दर्जा. कार्नेगी मेलनने प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रामिंगच्या अनुभवाला दिलेलं वजन कमी केलं, कारण पुढे कोण चमकेल हे त्या अनुभवावरून कळत नाही, असं तिथल्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे चाळणीच चुकीची होती. अमेरिकेतल्याच हार्वी मड कॉलेजने पहिल्या वर्षाचा कोर्स नवख्यांसाठी वेगळा आणि आधी शिकून आलेल्यांसाठी वेगळा केला. वर्गात दोघंतिघं सगळी उत्तरं देतात आणि बाकीचे ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून गप्प बसतात, हे त्यामुळे थांबलं. 2006 च्या सुमारास तिथे कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली दहा टक्क्यांच्या आसपास होत्या, काही वर्षांतच त्या चाळीसवर गेल्या. याला कोणी दर्जा घसरणं म्हणत असेल, तर दर्जा म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगावं.

नेतृत्वाच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण खरं नुकसान इथे होतं. चौघांचा प्रोजेक्ट गट पाहा. सर्किट कोण जोडतं, कोड कोण लिहितं, मशीनवर कोण उभं राहतं? आणि रिपोर्ट, वेळापत्रक, पीपीटी कोणाकडे जातं? ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणत हे काम मुलीकडे सरकतं. चार वर्षं हेच झालं की निर्णय घ्यायची, चूक करून निस्तरायची, बिघडलेलं यंत्र आपल्या हिमतीवर चालू करायची सवय दुसऱ्याच कोणाला लागते. मग म्हणायचं, नेतृत्व तिच्या अंगात नाही!

शिकवता येत नसतं, तर अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एबेट संस्थेने गटाने मिळून नेतृत्व करणं हे विद्यार्थ्याने शिकायच्या गोष्टींत धरलं नसतं. उपाय अवघडही नाही: गटातल्या भूमिका लिहून ठरवाव्यात, दर काही आठवड्यांनी फिरवाव्यात आणि व्हायव्हाला प्रत्येकाला स्वतःच्या तांत्रिक कामावर प्रश्न विचारावेत. गाईडने एवढं केलं तरी गटाचं चित्र बदलतं. एक मान्य करते: नुसत्या जागा वाढवून, वर्ग तसाच ठेवून काही साधत नाही. पण तो युक्तिवाद वर्ग बदलण्याच्या बाजूचा आहे, मुली कमी ठेवण्याच्या नाही.

राहिलं ‘मुलींनाच विचारा’. विचारलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीसह चार संस्थांमधल्या चाळीसहून अधिक इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांना महिन्यातून दोनदा डायरी लिहायला सांगितलं होतं. 2016 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मुलींनी इंजिनिअरिंगचा कंटाळा आल्याचं रडगाणं गायलेलं नाही. गटात आणि इंटर्नशिपमध्ये खरं काम मुलांकडे गेलं आणि आपल्या वाट्याला कारकुनी आली, असं त्यांनी लिहिलं आहे.