जर्मनीचा पत्ता मागण्याआधी

गेल्या आठवड्यात निफाडहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही कानासाठी जर्मनीला गेल्या होत्या ना? तिथला पत्ता द्या. बागेवर कर्ज काढतो, पण हा आवाज आता सहन होत नाही." दीड वर्ष त्यांच्या कानात रातकिडा किरकिरतोय, बाहेर कुठलाही आवाज नसताना. डॉक्टर या त्रासाला टिनिटस म्हणतात. रात्री उठून बागेत फेऱ्या मारतात. असे फोन मला आता महिन्याला दोन-तीन येतात, म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

माझ्या कानातला आवाज 2022 च्या विसर्जनाच्या रात्री सुरू झाला. नऊ वर्षं मी पथकात ढोल वाजवत होते. नाशिक ढोल हा माझा अभिमान आहे, आजही आहे. पण त्या नऊ वर्षांत कानात कापसाच्या बोळ्यापलीकडे काही घातलं नाही, आणि कापूस तो आवाज अडवत नाही हे कुणी सांगितलं नाही. आधीही मिरवणुकीनंतर कान वाजायचे, सकाळपर्यंत थांबायचे. त्या वर्षी थांबले नाहीत. कुकरची शिट्टी अर्धवट अडकून राहावी तसा आवाज, दोन्ही कानांत, चोवीस तास.

इथे तीन डॉक्टर झाले. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झपाशी खड्डा दिसला, मोठ्या आवाजाने कान गेला की तो बहुधा तिथेच पडतो. तिघांचं म्हणणं एकच: नस कमजोर झाली आहे, इलाज नाही, सवय करून घ्या. पाच मिनिटांत मी बाहेर. "इलाज नाही" हे दोन शब्द घेऊन रात्री दोन वाजता एकटं जागं राहणं काय असतं, ते ज्याला हा त्रास आहे त्यालाच कळेल.

मग पॉलिसीवर कर्ज काढलं, व्हिसासाठी 30,000 युरोचा विमा उतरवला, भावाला सोबत घेतलं. सगळे मिळून साडेचार लाख गेले. विमानात मी कित्येक महिन्यांनी सलग सहा तास झोपले, कारण इंजिनाच्या घरघरीत माझी शिट्टी मिसळून गेली. आणि तिथल्या खोलीत, दुहेरी काचा, बाहेर बर्फ, कुठे चिटपाखरू नाही, तिथे ती एवढी मोठी झाली की मी रडले. जिला मी शांतता समजून शोधत होते, तीच मला सोसत नव्हती.

तिथल्या डॉक्टरबाईंनी दीड तास दिला. झोप किती, वर्गात मुलांचा आवाज ऐकू येतो का, कशाची भीती वाटते, सगळं विचारलं. मग समजावलं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात सूक्ष्म केसपेशी असतात, मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या आतल्या पेशी एका कानात जेमतेम साडेतीन हजार. माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू कान ताणतो. मला पथक आठवलं. पुढचा ताशा ऐकू येईनासा झाला की मागची रांग अशीच जिवाच्या आकांताने ऐकायला लागते. मेंदू असा ताणून ऐकतो तेव्हा त्याला स्वतःचीच कुजबुज ऐकू येते. आणि ती धोक्याची आहे असं त्याने एकदा ठरवलं, की तो तिच्यावरून लक्ष हटवत नाही.

उपचार काय? ऐकू कमी येतं तेवढ्यापुरतं श्रवणयंत्र. रात्री खोलीत पाण्याचा मंद आवाज. आणि त्रासाबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार, ज्याला सीबीटी म्हणतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला 492 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला, 2012 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. जिभेला सौम्य विद्युतस्पर्श आणि कानात आवाज देणाऱ्या आयरिश यंत्राबद्दलही मी विचारलं. अमेरिकेने त्याला 2023 मध्ये मान्यता दिली, काहींचा त्रास त्याने कमी होतो, पण आवाज पुसून टाकण्याची हमी त्यातही नाही. मी ते घेतलं नाही.

म्हणजे जर्मनीनेही मला शेवटी तेच सांगितलं: सवय होईल. फरक असा की ती कशी करायची ते शिकवलं. आपल्याकडे हेच वाक्य दार लोटून घेण्यासाठी वापरलं जातं, याचा मला मनापासून राग आहे. 2022 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगात 74 कोटींहून अधिक प्रौढांना हा त्रास आहे, 12 कोटींहून अधिक लोकांना तीव्र. एवढ्या माणसांना पाच मिनिटं?

आणि आणखी एक. तिथे मी माझी भीती इंग्रजीत सांगत होते. "जीव नकोसा झालाय" हे मला इंग्रजीत सांगताच आलं नाही. ते मी गंगापूर रोडवरच्या एका मानसोपचारतज्ज्ञ ताईंसमोर मराठीत बोलले, आणि खरा उतार तिथून पडला. दहा बैठका झाल्या. श्रवणयंत्रही नाशिकमध्येच घेतलं. शिट्टी आजही आहे. हे लिहिताना आहे. पण सोमेश्वरच्या धबधब्यापाशी बसले की तासन् तास तिची आठवण होत नाही, आणि आता घरीही होईनाशी झाली आहे.

मी गेले याचा मला पश्चात्ताप नाही. पण बागेवर कर्ज काढून जाण्यासारखं तिथे काही आहे, असं मी कुणालाही सांगणार नाही. श्रवणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था वांद्र्याला आणि म्हैसूरला आहेत. नाशिकच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात कानाच्या डॉक्टरांशेजारी ऐकण्याची तपासणी करणारा एक ऑडिओलॉजिस्ट आणि एक समुपदेशक बसायला हवा, आणि तो आपण मागायला हवा.

काही त्रासांत मात्र एक दिवसही घालवू नका. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. आवाज एकाच कानात असेल तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे एमआरआयने बघावं लागतं. अशी गाठ क्वचित असते आणि बहुधा कर्करोगाची नसते, पण बघावंच लागतं.

निफाडच्या भाऊंना मी विचारलं, आवाज कुठल्या कानात? म्हणाले, "फक्त डाव्या." दीड वर्षात हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांना शुक्रवारची तारीख मिळाली आहे. मी शाळेतून अर्धी रजा टाकून सोबत जाते आहे.