ही ‘छापील नक्कल’ नव्हे

तुमचा लेख आवडला, पण फ्रेंच चित्रकार व्हुईयारच्या गुलाबी भिंतींच्या खोलीच्या चित्राला तुम्ही त्यात ‘मूळ चित्राची छापील नक्कल’ म्हटलंय, ते मनाला लागलं. याचं वेगळं मूळ तैलचित्र नाहीच. दगडावरून कागदावर उतरलेलं शिळाछाप हेच मूळ. १८९९ साली प्रकाशक आंब्रुआझ व्होलारनं एदुआर व्हुईयारचा बारा रंगीत शिळाछापांचा संच प्रसिद्ध केला, मुखपृष्ठ वेगळं, प्रती फक्त शंभर. त्यातलंच हे.

छपाई ऑग्युस्त क्लो या मुद्रकाची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तेलकट खडूनं दगडावर काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. शाई तेलकट जागीच धरते. तोच कागद पुन्हा दुसऱ्या दगडावर, नेमका जागच्या जागी. केसभर सरकला तरी रंग फाटतो! हे काम ज्यांनी केलं त्यांच्या हातांना माझा नमस्कार.

लेखातलं चित्र मोठं करून त्यातली भिंत बघा. खडूचा रवाळपणा तसाच दिसतो, आणि मध्ये जो उजेड वाटतो तो कोरा कागद आहे. खोलीत घडत काहीच नाही. नुसता लोंबता दिवा आणि भिंतभर नक्षी. व्हुईयारची आई शिवणकाम करायची, घरात कायम कापड पसरलेलं. ती नक्षी मला तिथूनच आलेली वाटते.

याच संचात या खोलीचं दुसरं शिळाछापही आहे. दोन्ही शेजारी ठेवली की भिंत सलग पुढे जाते. कृपया लेखात तेही जोडा.