टाकी फुल, विंग शून्य, एलियनचा सेटअप: चारातली एक तरी नीट तपासा की

रेसिंग गेम खेळणाऱ्यांत एक मेसेज परत परत फिरतोय. टाकी फुल भरा म्हणजे टेन्शन नाही, मागची विंग (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पंख) शून्यावर आणा म्हणजे स्पीड मिळतो, लीडरबोर्डवरच्या पहिल्या नंबरचा, म्हणजे 'एलियन'चा (अफाट फास्ट खेळाडूला असं म्हणतात) सेटअप, म्हणजे गाडीची सगळी सेटिंग, उचला, आणि पेट्रोल वाचवत बसू नका, ते स्लो लोकांचं काम. प्रत्येकात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर खपतंय.

आधी टाकी. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने (एसीसी) या गेममधे मोन्झाला, म्हणजे इटलीतल्या लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर, जीटी३ (रेससाठी बदललेली स्पोर्ट्स कार) गाडी घ्या, लॅप १:४८, म्हणजे १०८ सेकंद. रेस ३० मिनिटांची, १८०० भागिले १०८ म्हणजे १६ पूर्ण आणि वर थोडं, पण वेळ संपली तरी चालू लॅप पूर्ण करायचाच असतो म्हणून १७ धरा. लॅपला समजा ३.२ लिटर जातंय, झाले ५४.४, त्यात फॉर्मेशन लॅप (रेस सुरू होण्याआधीचा संथ लॅप) आणि हाताशी थोडं जास्तीचं धरलं तरी ६०-६२ मधे काम होतं. टाकी १२० लिटरची असेल तर उरलेलं पेट्रोल तुम्ही नुसतं फिरवून आणताय. लिटरमागे पाऊण किलो धरा, ४५ किलोच्या आसपास, म्हणजे शेजारच्या सीटवर शाळेतलं पोरगं बसवून रेस करायची! एफ१ मधे १० किलोला लॅपमागे साधारण ०.३ सेकंद असा ढोबळ हिशोब सांगतात, जीटी३ चा आकडा वेगळा असेल पण दिशा तीच. एफ१ मधे २०१० पासून रेसमधे रिफ्युएलिंगच बंद आहे, २०१९ ते २०२५ मधे कमाल ११० किलो भरता यायचं, तरी टीम्स बऱ्याचदा त्याहून कमीच भरायच्या, त्या काय वेड्या होत्या? ट्रॅक नवीन असेल, खप माहीत नसेल तर बिनधास्त जास्त भरा, त्याला माझी ना नाही.

आता "पेट्रोल वाचवणं म्हणजे स्लो". हे सगळ्यात चुकीचं, आणि मीही बरेच दिवस हेच मानायचो, एकदा शेवटच्या लॅपला पॅराबोलिकाच्या (मोन्झाचा शेवटचा कॉर्नर) बाहेर गाडी खोकायला लागली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी २५० ला असते, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. ब्रेकच्या ५० मीटर आधी पाय उचलला तर ०.७ सेकंद थ्रॉटल बंद, आणि त्या टप्प्यावर स्पीड वाढतच नसतो फारसा, त्यामुळे तोटा सेकंदाच्या एक-दोन शतांशाचा. मोन्झाच्या लॅपमधे फुल थ्रॉटल साधारण ७०-७५ सेकंद धरा, मग एका कॉर्नरला १ टक्का वाचला, पाच जागी केलं तर ४-५ टक्के, म्हणजे लॅपमागे ०.१५ लिटर, वीसेक लॅपमधे एका लॅपचं पेट्रोल सुटतं. बदल्यात गेले दोन सेकंद. तेवढ्या पेट्रोलसाठी पिटमधे शिरलात तर वीस-तीस सेकंद गेलेच समजा. याला लिफ्ट अँड कोस्ट म्हणतात. ग्रान टुरिस्मो ७ या गेममधे तर फ्युएल मॅप (इंजिन किती पेट्रोल पितं त्याची सेटिंग) १ ते ६ आहेतच, १ सगळ्यात पिणारा, मागच्या गाडीशी पुरेसं अंतर असलं की ३-४ वर टाका आणि गप्प चालवा.

एलियनचा सेटअप. एफ१ गेमच्या टाइम ट्रायलमधे टायर झिजत नाही, पेट्रोल कमी होत नाही, म्हणजे त्याने तो सेटअप अशा गाडीसाठी केलाय जी रेसमधे कधी अस्तित्वातच नसते. तोच सेटअप रेसचं पेट्रोल घालून चालवा, गाडी बसते, ब्रेकिंगला नाक खाली जातं, दहा लॅपनंतर मागचे टायर सुटायला लागतात, आणि मग म्हणायचं सेटअप बोगस आहे. टायर प्रेशर तर अजिबात कॉपी करू नका. एसीसीमधे १.९ अपडेटनंतर कोरड्यावर गरम टायरला २६ ते २७ पीएसआय लागतं, आणि थंड टायरमधे किती भरायचं ते त्या दिवसाच्या ट्रॅक तापमानावर, त्याच्या दुपारचं प्रेशर तुमच्या रात्रीच्या रेसला कसं बसेल? (ग्रान टुरिस्मोच्या बीओपी रेसमधे, म्हणजे गेमच सगळ्या गाड्या बरोबरीच्या करतो तिथे, बहुतेक वेळा सेटिंग लॉकच असतं, तिथे सेटअप मागणाऱ्यांचं मला कायम नवल वाटतं.)

विंगचं थोडक्यात: मोन्झाला कमी करा, बरोबर आहे, पण हंगेरीतल्या हंगरोरिंग ट्रॅकला शून्य विंग लावून बघा, सरळ रस्ता एकच धड आणि बाकी नुसते कॉर्नर. गाडी घसरते, टायर तापतात, ग्रिप जाते, आणि सरळ रस्त्यावर कमावलेला दशांश पुढच्या तीन कॉर्नरमधे परत दिलेला असतो.

पटत नसेल तर रेसला लागेल तेवढंच पेट्रोल भरून दहा लॅप मारा, पहिला लॅप सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, मग ६० लिटर जास्तीचे टाकून परत दहा मारा. दोन्ही आकडे इथे टाका, मग भांडू.