५६ सामन्यांचं वर्ष वेगळंच धरायला हवं

आइस हॉकीचे खेळाडू जोखताना एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगचा २०२०-२१ चा हंगाम इतर हंगामांसारखाच धरावा, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. कोरोनामुळे त्या वर्षी साखळीत ८२ ऐवजी ५६ सामने झाले, तेही आपापल्या गटातच. कॅनडाचे सात संघ एकमेकांशीच खेळत राहिले. एडमंटन या कॅनडाच्या संघाच्या कॉनर मॅकडेव्हिडचे १०५ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) थोरच, पण समोर पुन्हा पुन्हा तेच गोलरक्षक होते, हे लिहायला नको का?

परिस्थिती न बघता खेळाडू जोखणं इथेही चालतं. आमच्या बेळगावात पुतणी मैदानी हॉकी खेळते. लॉकडाऊनमध्ये मैदानाला कुलूप, म्हणून गच्चीवर टेनिसचा चेंडू घेऊन सराव करायची. सिमेंटवर घासून स्टिकचं टोक पार झिजलं. नंतर निवड चाचणीत दहा मिनिटं खेळवून ‘दम कमी’ म्हणत तिला बाजूला काढलं. इतके महिने पळायला जागा तरी होती का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.