दुहेरी अंध म्हणजे काय हो बाई?

परवा मंडईत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिच्या सासूबाईंना एका हॉस्पिटलच्या ओपीडीत औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीत, भाग घेण्यासाठीचा आठ पानी संमतीचा कागद मिळाला होता, वाचून सही करून आणा म्हणून. तिने तो पिशवीतून काढला. कोपरा कोथिंबिरीच्या पाण्याने भिजला होता. तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हा अभ्यास दुहेरी अंध आहे म्हणे. म्हणजे दोन्ही डोळे जातात का हो?"

मला हसू आलं, आणि मग लाज वाटली. तो कागद आमच्या कमिटीतून गेलेला नव्हता, पण तसे कागद आमच्या हातूनही सुटले असणार.

बऱ्याच जणांना माहीत नाही, मी रिटायर झाल्यापासून एका मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर आहे. (कुठल्या ते विचारू नका, गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे.) माणसांवर कुठलंही नवं औषध तपासून बघायचं तर आधी या कमिटीची परवानगी लागते. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार कमिटीत किमान सात जण हवेत, अध्यक्ष बाहेरचा हवा, वकील हवा, आणि एक 'सामान्य व्यक्ती' हवी. ती सामान्य व्यक्ती मी. 32 वर्षं मराठी शिकवलं, औषधातलं मला क्रोसिनच्या पुढे काही कळत नाही, आणि नेमकी हीच माझी पात्रता! गंमत म्हणजे ही सामान्य व्यक्ती हजर नसेल तर कोरम होत नाही. मोठमोठे प्रोफेसर चहा पीत माझ्या रिक्षाची वाट बघत बसलेले मी पाहिलेत.

पण तिथे माझ्यासमोर जे मराठी येतं ते विचारू नका. "तुम्हाला दोनपैकी एका हातात ठेवले जाईल." हा हात म्हणजे इंग्रजीतला आर्म, म्हणजे गट. "विषयाने येथे सही करावी." विषय म्हणजे पेशंट! एका कागदात "धुण्याचा कालावधी दोन आठवडे" होता. आधीचं औषध अंगातून उतरेपर्यंत थांबायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी तक्रार केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, भाषांतराचं सर्टिफिकेट जोडलंय, मराठीचं पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करूनही तपासलंय." इथेच तर गोम आहे. 'हात'चं उलट भाषांतर केलं की बरोबर 'आर्म' मिळतो, आणि कागद पास होतो. मराठी जितकं लाकडी, तितकं सर्टिफिकेट पक्कं. चांगलं मराठी लिहिलं तर मात्र "मूळ मजकुराशी जुळत नाही" असा शेरा येतो.

नियमात स्पष्ट लिहिलंय की माहिती पेशंटला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत हवी. ते अवघड आहे असं मला वाटत नाही. 'दुहेरी अंध'च्या जागी लिहा: तुम्हाला कोणतं औषध मिळतंय ते तुम्हालाही माहीत नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही; तब्येतीला धोका दिसला तर ते लगेच शोधून काढता येतं. 'प्लासिबो'च्या जागी: दिसायला तशीच गोळी, आत औषध नाही.

'यादृच्छिक', म्हणजे रँडम, या शब्दावर मात्र थांबावं लागतं, कारण लोकांचा खरा राग तिथे असतो. "माझ्या आईला औषध द्यायचं की नाही ते नाणं उडवून ठरवणार?" हो, तसंच. का, ते सांगते. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरवर एक ट्रायल केली. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच, अगदी स्वस्त. 11 केंद्रांत 1600 बायका. निम्म्यांना इंजेक्शन देऊन ऑपरेशन, निम्म्यांना इंजेक्शनशिवाय नेहमीचं ऑपरेशन. 2023 मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात हयात 90.1 टक्के, दुसऱ्या गटात 86.4. म्हणजे शंभरात तीन-चार बायकांचा फरक. एवढा फरक कुठल्याही सर्जनच्या नुसत्या नजरेला, कितीही अनुभव असला तरी, दिसत नाही. आणि इंजेक्शन कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनी आपल्या मनाने ठरवलं असतं, तर वाचल्या त्या इंजेक्शनने वाचल्या की मुळात धडधाकट होत्या म्हणून, हे कधीच कळलं नसतं. नाणेफेक असते ती यासाठी.

याचा अर्थ डोळे मिटून सही करा असा नाही. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस दिली गेली, तेव्हा कित्येक फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. लस चांगलीच आहे, आज जगभर देतात. नंतर काही मुली दगावल्या, पण चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. तरी त्या सह्यांचं समर्थन कोण करणार? 2010 मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला.

तेव्हा घरात कुणाला असा कागद मिळाला तर सरळ विचारा: मी नाही म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? (राहिलेच पाहिजेत, मधेच सोडलं तरीही.) इजा झाली तर? उपचार फुकट, आणि ती ट्रायलमुळे झाली असेल तर भरपाईही. वाचता येत नसेल तर सांगताना शेवटपर्यंत एक तटस्थ साक्षीदार बसवावा लागतो. हॉस्पिटलचा वॉर्डबॉय नव्हे. आणि सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकट बघता येते. औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे 2009 पासून सक्तीची आहे. ट्रायलचा तिथला नोंदणी नंबर मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर मी उठून घरी जाईन.

पुढच्या महिन्यात पीजी करणाऱ्या डॉक्टरांच्या नव्या बॅचचे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधांचे आराखडे, येतील आणि माझ्या टेबलावर पुन्हा ढीग लागेल. गेल्या वर्षी एक रेसिडेंट मुलगा वैतागून घरी आला होता, मी त्याचा कन्सेंट फॉर्म, म्हणजे असाच संमतीचा कागद, दोनदा परत पाठवला म्हणून. दोन तास बसलो. आठ पानांची तीन झाली. नंतर कमिटीच्या वतीने ओपीडीत पाहणीला गेले तेव्हा तो एका आजोबांना तेच समजावत होता. आजोबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे मला औषधाचीच गोळी मिळंल असं नाही?"

"नाही आजोबा. निम्म्यांना मिळेल, निम्म्यांना नाही."

"अन् तुमालाबी ठावं नसणार?"

"नाही."

"मग नको डॉक्टर. समजलं सगळं, पण नको."

मुलाचा चेहरा पडला. त्याला साठ पेशंट हवे होते आणि चौदाच झाले होते. मी मात्र वहीत त्या फॉर्मपुढे बरोबरची खूण केली.