‘बॅड’चे समानार्थी शब्द घोकून घेणं थांबवा

इंग्रजीच्या गाइडमध्ये ‘बॅड’ या शब्दापुढे ईव्हिल, विकेड, पूअर, ऑफुल, रॉटन अशी रांग लावलेली असते. मुलं ती घोकतात, पेपरात त्यातला एक शब्द लिहितात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात इंग्रजी शिकवते, आणि माझं स्पष्ट म्हणणं आहे की हे बंद झालं पाहिजे. यादीतून आलेला शब्द पोरांना वापरता येत नाही. ‘द मिल्क इज विकेड’ असं वाक्य वहीत येतं ते त्यामुळेच. त्यात त्या मुलीचा काही दोष नाही. विकेड आणि ईव्हिल हे माणसाच्या वागण्याला, त्याच्या मनातल्या कपटाला लागतात, दुधाला नाही, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी भिंतीवरच्या तक्त्यावर अजून ‘बॅड म्हणजे वाईट’ एवढंच असतं. आता सांगा, आपल्याकडे दूध कधी ‘वाईट’ होतं का? दूध नासतं. वरण आंबतं, पोळी शिळी होते, संत्री सडते, गहू किडतो, जवस खवट होतं, आणि पावसाळ्यात पोत्यातल्या ज्वारीला कुबट वास येतो. शाळेत न गेलेलं पोट्टंही ‘पोळी नासली’ म्हणत नाही. कोणत्या वस्तूला कोणता शब्द लागतो, हे त्याच्या जिभेला पक्कं ठाऊक असतं. इंग्रजीचा कारभारही असाच आहे. दूध सावर होतं, पाव स्टेल होतो, फळ आणि अंडं रॉटन होतं, तेल, लोणी आणि शेंगदाणे रॅन्सिड होतात, बुरशी चढलेलं ते मोल्डी आणि बंद खोलीचा कुबट वास तो मस्टी. पोराकडे अर्धं काम झालेलंच आहे. आपण मात्र ते बाजूला सारून त्याच्या हातात यादी देतो.

मी वर्गात जवसाच्या चटणीचे दोन डबे नेते, एक ताज्या चटणीचा आणि एक महिनाभर उघडा राहिलेला. जवस अख्खं असेल तोवर टिकतं. कुटलं की आतल्या तेलाला हवा लागते, त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि जिभेच्या मागच्या बाजूला तो कडवट झणका बसतो. दुसरा डबा नाकाजवळ गेला की अख्खा वर्ग एका आवाजात म्हणतो, ‘खवट हाय मॅडम!’ तेव्हा मी फळ्यावर ‘रॅन्सिड’ लिहिते. त्यापुढे मराठी अर्थ लिहायची गरजच पडत नाही.

पूअर या शब्दाचीही अशीच परवड होते. पूअर म्हणजे गरीब, एवढंच पोरांना माहीत. पण पाऊस अपुरा पडला की पूअर रेनफॉल, नजर अधू असली की पूअर आयसाइट, उतारा कमी आला की पूअर यील्ड. आमच्या भागात तर ‘बॅड’च्या साऱ्या भावंडांत हाच सगळ्यात जास्त कामाचा शब्द आहे. आणि ‘बॅड कोल्ड’ म्हणजे जोराची सर्दी, तिथे सिव्हियर चालतो. ईव्हिल लावून पाहा, काही अर्थ निघतो का.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या पोरांना एवढ्या बारकाव्यांची काय गरज? गरज त्यांनाच आहे. हमीभावाने सोयाबीन घेताना माल ‘एफएक्यू’ लागतो, हे गावात प्रत्येकाला माहीत आहे. त्याचा पूर्ण अर्थ फेअर ॲव्हरेज क्वालिटी. यातला फेअर म्हणजे गोरा नव्हे, न्याय्यही नव्हे, तर बऱ्यापैकी चांगला. आणि ‘चांगला नाही’ हे तिथे नुसतं खराब म्हणून भागत नाही. ओलावा किती, काडीकचरा किती, डागी दाणे किती, फुटके किती, हे वेगवेगळं पाहतात. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. ओला दाणा वाळवता येतो, डागी दाण्याचं काही करता येत नाही. म्हणून ज्याचा माल परत केला जातो, त्याला मॉइस्ट आणि डॅमेज्ड यांतला फरक कळायलाच हवा. ‘खराब आहे’ एवढ्यावर ट्रॅक्टर माघारी नेणारे बाप मी पाहिले आहेत, आणि त्यांची पोरं माझ्याच वर्गात बसतात.

पेपर काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडे एकच मागणी आहे. ‘गिव्ह द सिनोनिम’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी दूध, पाव, तेल, नजर आणि सर्दी इंग्रजीत लिहून द्या, प्रत्येकाआधी मोकळी जागा सोडा आणि ‘बॅड’ न वापरता ती भरायला सांगा. मार्क तेवढेच ठेवा.